बारा चौकोनांचा पास

कापसाच्या जिनात नोकरी करणाऱ्याच्या अंगावर दिवसभर रुईचा तंतू बसत असतो आणि त्याला पत्ता नसतो. संध्याकाळी घरी बायको टोपी झटकते, तेव्हा ओसरीवर मूठभर कापूस पडतो. किश्शांचंही तसंच असतं बघा. घडत असतात तेव्हा कुणी ढुंकून पाहत नाही. परवा जुन्या ऑफिसातले दोघे भेटले. मी सहज म्हटलं, "तो मुंबईचा पास आठवतो का रे?" आणि तीन चहा, चिवडा आणि अख्खी दुपार त्यात गेली. निघताना एकजण म्हणाला, हे कुठंतरी लिहून ठेव. म्हणून बसलोय.

गोष्ट जळगावची. तेव्हा आमच्या जिल्ह्याला पूर्व खान्देश म्हणत आणि धुळ्याकडच्या भागाला पश्चिम खान्देश. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती. मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये पत्रव्यवहाराचा कारकून होतो. शेतकऱ्यांचा कापूस बैलगाड्यांतून यायचा, आमच्या यंत्रांत त्यातली सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि रेल्वेने मुंबईला जायच्या. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हा गोंधळ. पावसाळ्यात मात्र यंत्रं थंड, आवारात गाडी नाही, आणि ऑफिसात आम्ही पाच टाळकी माशा मारत बसलेलो.

अशा एका श्रावणात तो एजंट आला.

*

पायात बूट, डोक्यावर सोला हॅट, हातात चामडी बॅग. मुंबईतल्या कुठल्याशा प्रवासी कंपनीचा माणूस. जळगाव उरकून चाळीसगावमार्गे धुळ्याला जायचा होता. त्याने टेबलावर एक जाड पिवळं कार्ड ठेवलं. त्यावर बारा चौकोन, आणि एकेका चौकोनात मुंबईतल्या एकेका ठिकाणाचं नाव. राणीची बाग, म्युझियम, मत्स्यालय, गेटवे, गोदी, विमानतळ, असं सगळं. पास आठ रुपयांचा. कंपनीची बस दिवसभर फिरत राहणार. हवं तिथं उतरा, बघा, मागून येणाऱ्या बसमध्ये चढा. एका दिवसात संपवा नाहीतर आठ दिवसांत. दारावरचा माणूस त्या त्या चौकोनाला भोक पाडणार. भोक पडलं की ते ठिकाण संपलं, त्याच पासावर पुन्हा आत जाता येणार नाही. आणि ही सगळी योजना फक्त दिवाळीपर्यंत.

आमच्याकडे कापूस पारखायला नाना होते. मूळचे साक्रीकडचे. शेतकऱ्याची गाडी आवारात आली की नाना वरच्या कापसाकडे बघायचेसुद्धा नाहीत. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. ते बाही वर सारून खांद्यापर्यंत हात गाडीच्या पोटात घालायचे, मधली मूठ बाहेर काढायचे, दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढायचे आणि भाव सांगायचे. बाकीची गाडी त्यांच्या लेखी नव्हतीच. बरं, ही सवय कापसापुरती असती तर ठीक. लग्नाच्या पंगतीत ते भाजी वाढणाऱ्याला पातेल्याच्या मधली वाढायला लावत. कीर्तनाला मध्यावर येत, दहा मिनिटं उभ्याने ऐकत आणि "बुवा बरा शे" म्हणून घरी जात.

तर नानांनी एजंटाचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग कार्ड उचललं, कोपरा टर्रकन फाडला, फाटलेल्या कडेचा तंतू अंगठ्यांत धरून ओढला आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला.

"धागा आखूड शे," ते म्हणाले. "टिकनार नही."

एजंट आमच्याकडे पाहायला लागला. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, म्हणून आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. शेवटी त्याने निमूटपणे बॅगेतून दुसरं कार्ड काढलं.

*

मगनभाई आमचे दलाल. त्यांनी आठ रुपये ऐकले आणि ते खुर्ची सरकवत एजंटाच्या शेजारी गेले.

आता आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरायचे, वर उपरणं टाकायचं आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नसे. पण एकदा हात दिला की दिला. मागे फिरणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नसे. मगनभाईंनी जन्मात दुसऱ्या कुठल्या पद्धतीने काही विकत घेतलेलं नव्हतं. भाजीसुद्धा नाही.

त्यांनी एजंटाचा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि रीतीप्रमाणे भलतीकडेच बघत बसले. एजंट आधी दचकला. मग त्याला वाटलं, हे गृहस्थ हात बघणारे दिसतात. तो खूश झाला. बढती कधी होईल म्हणून त्याने विचारलं.

"बोलायचं नाही," मगनभाई छताकडे बघत म्हणाले. "दाबा."

एजंटाने श्रद्धेने पाचही बोटांनी त्यांचा हात घट्ट दाबला.

मगनभाईंनी उपरणं काढलं, पाच रुपये टेबलावर ठेवले आणि पास उचलला. एजंट ताडकन उठला. आपण काही कबूल केलेलं नाही म्हणाला, कंपनीची भीती घातली, पण आम्ही सगळ्यांनी साक्ष दिली की हात दिला होता. आमचे दिवाणजी तर खोटं बोलण्याच्या इतके विरुद्ध की स्वतःच्या रजेच्या अर्जातही पोटदुखी लिहीत नसत. त्यांनीही साक्ष दिली. बाकीचे पास आम्ही आठ रुपयांनाच घेतले, कारण त्यानंतर एजंटाने दोन्ही हात खिशात घातले ते पार स्टेशनापर्यंत काढले नाहीत.

*

नानांनी मात्र पास घेतला नाही. आणि खरी गोम इथंच होती.

नानांची बायको म्हणजे अक्का. सगळं जिन तिला अक्का म्हणायचं. यंत्रात घालायच्या आधी कापसातला पाला, काड्या, किडकी बोंडं हाताने निवडून काढायला बायका असत, त्यांची ही मुकादम. दोघं जिनाच्या आवारातच दोन खोल्यांत राहत. नाना दर हंगामात कापसाच्या नमुन्याच्या पुड्या घेऊन मुंबईला जात. स्टेशनावरून शेठच्या पेढीवर, पेढीवरून स्टेशनावर. आणि दर वर्षी निघताना अक्काला सांगत, पुढल्या हंगामात तुला नेतो. असे तीस हंगाम झाले होते. येणारा हंगाम नानांचा शेवटचा. तो संपला की दोघं साक्रीला, मुलाकडे शेतावर जायची होती. तिथून पुन्हा मुंबई कसली! हे अक्काला माहीत होतं, नानांना माहीत होतं आणि आम्हालाही.

अक्काला वाचता येत नव्हतं. एजंट गेल्यावर ती ऑफिसच्या पायरीशी आली आणि माझ्या पासावर काय काय लिहिलंय ते तिने माझ्याकडून वाचून घेतलं. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा तिने मला बाराही नावं ओळीने म्हणून दाखवली आणि एकही चुकली नाही.

नाना म्हणाले, "पहिले कोनीतरी जाई ये. नमुना हातमा येऊ द्या. मंग देखसूत."

झालं. त्या दिवसापासून जळगाव स्टेशनावरून मुंबईला जाणारा आमच्या ऑफिसातला माणूस म्हणजे नानांनी गाडीच्या पोटात घातलेला हात.

*

पहिले गेले मगनभाई. चार दिवसांनी परत आले तेव्हा अक्का फाटकातच उभी होती.

"राणीना बागमा हत्ती देखा का?" तिने विचारलं.

"बाग?" मगनभाई म्हणाले. पासावर बाग होती हेच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

झालं होतं असं, की पहिल्याच चौकोनाला, गोदीला, ते उतरले. जहाजं बघायला म्हणून निघाले आणि वाटेत एका गोदामाबाहेर त्यांना आमच्या जिनाचा मार्का असलेल्या गाठी दिसल्या. सगळ्यात खालच्या थराला, आणि शेजारी पन्हाळ गळतेय! हमालांशी भांडून, गोदामाच्या बाबूला भेटून, स्वतः उभं राहून त्यांनी त्या गाठी कोरड्या जागी हलवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ताडपत्री घातली का ते बघायला गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पासावर एक भोक.

ऑफिसात येऊन त्यांनी नानांना निकाल दिला, की मुंबईत बघण्यासारखं एकच ठिकाण आहे आणि ते पासावर नाही. नानांनी मान हलवली. हा नमुना त्यांनी धरला नाही.

*

मग बॉयलरचे इब्राहिम मिस्त्री सपत्नीक गेले. मिस्त्री म्हणजे यंत्राच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगणारा माणूस. दोघं सकाळी आठला कंपनीच्या बसमध्ये बसली आणि बस मलबार हिलचा चढ चढायला लागली. मिस्त्रींनी कान टवकारले. उठून ड्रायव्हरला म्हणाले, तुझा एक सिलिंडर रडतोय. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, खाली बसा. पुढच्या वळणावर बस बंद पडली.

बाकीचे प्रवासी दुसऱ्या बसमध्ये बसून गेले. मिस्त्री कसले जातात! बायकोच्या हातात कोट दिला, तिला रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं आणि बसच्या खाली शिरले. संध्याकाळी पाचला बस सुरू झाली. ड्रायव्हरने त्यांना मिठी मारली आणि मानाने पुढच्या सीटवर बसवून थेट स्टेशनावर सोडलं.

मिस्त्री इतके खूश होऊन परतले, की असलं इंजिन उघडायला आठ रुपये म्हणजे फुकट, असं गावभर सांगत होते. अक्का त्यांच्या बायकोकडे गेली. बायकोने सांगितलं, मुंबईत तिने एक कठडा पाहिला, सकाळी आठपासून पाचपर्यंत. मिस्त्रींशी ती त्यानंतर आठ दिवस बोलली नव्हती आणि मिस्त्रींच्या ते नवव्या दिवशी लक्षात आलं.

*

अक्काचा एक किस्सा इथं सांगायला हवा. तो त्या श्रावणातला नाही, आदल्या हंगामातला आहे.

आमचे शेठ मुंबईहून चार बडी गिऱ्हाइकं घेऊन आले होते. फोटोग्राफर आणलेला. आवारात खुर्च्या मांडून फोटो काढायचा, म्हणून निवडणाऱ्या बायकांना उठवा असा हुकूम सुटला. बाकीच्या बायका उठल्या. अक्का तिच्या ढिगापाशी बसून राहिली. शेठ स्वतः पुढे आले. सिल्कचा कोट, डोक्यावर ऊन.

"शेठ, अर्धा ढीग शे," अक्का म्हणाली. "बठ्ठा होऊ द्या."

अर्धा निवडलेला ढीग सोडून उठलं की निवडलेलं आणि न निवडलेलं एकमेकांत मिसळतं आणि कुणालातरी पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. म्हणून बसलेल्या ढिगावरून अक्का उठत नसे. ताप असो, पाहुणे असोत. त्या दिवशीही तिने एकेक बोंड हाताखालून घातलं, जमिनीला हात लागेपर्यंत. मग जमीन झटकली, उठली, शेठना नमस्कार केला. सव्वा तास गेला होता. तो फोटो अजून कुणाकडे असेल. त्यात शेठ आणि चारही गिऱ्हाइकं घामाने निथळलेली आहेत आणि मागे एक अगदी स्वच्छ जागा आहे.

नाना त्या दिवशी फार चिडले होते. मूठभर बघितलं असतं तरी कळलं असतं, एवढं काय त्यात, असं संध्याकाळपर्यंत म्हणत होते.

*

दिवाणजींकडे वळतो. दिवाणजींनी पास तर घेतला, पण तो घेण्यासारखा होता का, हे आधी शास्त्रोक्त ठरवायचं आणि मगच निघायचं असं त्यांचं म्हणणं. पास घेतल्यावर हे ठरवून काय उपयोग, असं मी विचारलं तर म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्यांनी बारा जोडकार्डं आणली. एक बाजू आपण लिहायची, दुसरी कोरी बाजू समोरच्याने उत्तराला वापरायची. बाराही ठिकाणांच्या अधिकाऱ्यांना त्यांनी सुवाच्य अक्षरात विचारलं, की आपले येथील प्रवेशशुल्क किती, वेळ काय, आणि पाहण्याजोगे नेमके काय आहे. आम्ही हसलो. पण पंधरा दिवसांत अकरा उत्तरं आली! एकाने तर सोबत छापील माहितीपत्रक पाठवलं. दिवाणजींनी सगळं फाइलला लावलं, अनुक्रमांक टाकले, आणि मुंबईला जायचा बेत रद्द केला. माहिती आली, आता जायचं कशाला?

अक्का पायरीशी आलीच. बागेत हत्ती आहे का, तिने विचारलं. दिवाणजींनी चष्मा लावला, फाइल उघडली, बोट फिरवलं.

"आहे," ते म्हणाले. "नग दोन."

नानांना हे बऱ्यापैकी पटलं होतं. पण कागदावरून आजवर त्यांनी गाडी घेतली नव्हती, म्हणून तेही राहिलं.

*

राहिलो मी. स्वतःची फजिती शेवटी सांगावी म्हणून थांबलो होतो, पण शेवट मला दुसऱ्याच गोष्टीचा करायचाय, तेव्हा उरकून घेतो.

मी नवरात्राच्या आधी गेलो. गिरगावात मावसभावाकडे उतरलो. पहिल्याच संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाल्ली, वर उसाचा रस प्यायलो, आणि पुढचे तीन दिवस मावसभावाच्या चाळीतल्या त्या टोकाच्या दाराशिवाय मी मुंबईत काही पाहिलं नाही. पास कोराच राहिला. परतीच्या गाडीत मी विचार केला, आता जाऊन काय सांगणार? नाना वाट बघतायत, अक्का वाट बघतेय. मी खरं सांगितलं तर हाही नमुना फुकट जाणार आणि दसरा तर तोंडावर आलेला. तेव्हा मी ठरवलं, की आपण सगळं पाहिलं असं सांगायचं. पास गाडीत हरवला म्हणायचं. थोडंसं खोटं, पण अक्काला मुंबई दिसेल.

ऑफिसात मी नानांसमोर बसून सगळं रंगवून सांगितलं. नाना गंभीरपणे ऐकत होते. पायरीशी अक्का उभी होती. हत्तीपर्यंत आलो तेव्हा मला जोर चढला. सोंड अशी, कान असे.

"हत्तीना डोळा केवढा शे?" अक्काने विचारलं.

मी दोन्ही हातांनी नारळाएवढा डोळा दाखवला.

नाना उठून गेल्यावर अक्का माझ्या खिडकीपाशी आली. सारंगखेड्याच्या जत्रेत लहानपणी तिने सर्कशीचा हत्ती पाहिला होता, अगदी हात लावून. "हत्तीना डोळा बारीक ऱ्हास, भाऊ," ती हळूच म्हणाली, आणि गेली. नानांना तिने ते सांगितलं नाही. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी स्वतःच नानांकडे जाऊन खरं काय ते कबूल केलं. मी नारळ करायला नको होता.

*

दसरा झाला. एजंट धुळे, नंदुरबार करून परतीच्या वाटेवर पुन्हा ऑफिसात आला. दिवाळीला योजना बंद, आता शेवटचं, म्हणाला. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

नाना म्हणाले, चार नमुने आले आणि चारही वेगळे. एकात गाठी, एकात इंजिन, एकात कागद, एकात नारळ. अशी गाडी मी तीस वर्षांत घेतली नाही.

तेवढ्यात अक्का आत आली. जिनातली बाई ऑफिसच्या पायरीच्या वर येत नसे, तशी रीतच नव्हती. ती सरळ टेबलापर्यंत आली आणि नानांच्या समोर उभी राहिली. एजंट खुर्चीवरून उठला. का उठला ते त्यालाही माहीत नसावं.

"तीस हंगाम झायात," ती म्हणाली. "आते माले मुंबई देखनी शे. तुम्हले येनं नही तर मी एकली जास."

आवाज चढवला नव्हता. नाना टेबलावरच्या पिवळ्या कार्डाकडे बघत होते. त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांचीही दया आली, खोटं कशाला सांगू. मनाचा वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त फसायची भीती वाटत असे.

"मंग नमुना मीच आनस," नाना म्हणाले, आणि दोन पास घेतले. मगनभाई मदतीला म्हणून उपरणं घेऊन उठले, पण एजंटाचे हात आधीच खिशात होते.

*

अक्काच्या बहिणीची मुलगी परळला राहत होती, तिथं उतरायचं ठरलं. दोघं संध्याकाळच्या गाडीने गेली. अक्काने नवं लुगडं नेसलं होतं आणि बारा नावं मनातल्या मनात म्हणत असावी, ओठ हलत होते. आम्ही सगळे स्टेशनावर पोहोचवायला गेलो. लग्नालाही आम्ही सगळे एकदम कधी गेलो नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी नाना स्टेशनावरून तडक ऑफिसात आले. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. त्यांनी कोटाच्या खिशातून दोन्ही पास काढून टेबलावर ठेवले. दिवाणजींनी मोजले. चोवीस भोकं. एकही चौकोन राहिला नव्हता.

आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. नानांनी ओळीने सांगितलं. सकाळी आठला सुरुवात केली. म्युझियमात दारातून सरळ मधल्या दालनात गेले, एक दगडी मूर्ती पाहिली आणि मागे फिरले. मत्स्यालयात मधली काच पाहिली, मासा ताजा होता. बागेत मधल्या पिंजऱ्यापर्यंत गेले, त्यात अस्वल झोपलं होतं. विमानतळावर एक विमान. कुठंच दहा मिनिटांवर थांबावं लागलं नाही. दुपारी दोनच्या आत बाराही ठिकाणं झाली. अक्का दोन पावलं मागे चालत होती आणि दोघांच्या पासांना बरोबरच भोकं पडत होती.

"मग माल कसा आहे, नाना?" दिवाणजींनी विचारलं.

"चांगला शे," नाना म्हणाले. "पास घेवासारखा शे."

दोन महिन्यांनी निकाल लागला. मिस्त्रींनी टेबलावर थाप मारली. मलाही फार बरं वाटलं. नारळाचं ओझं उतरलं, तीस वर्षांचा शब्द एकदाचा पुरा झाला. चहा आला. मी नानांच्या हातात कप दिला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नानांबरोबर पिशवी एकच आहे. अक्काचं गाठोडं दिसत नाही.

"अक्का परस्पर घरी गेल्या का?" मी विचारलं.

"मुंबईले शे."

मगनभाईंचा कप तोंडाशीच थांबला. नानांनी एक घोट घेतला, मग सांगितलं. दोन वाजता बसने दोघांना कंपनीच्या पासाच्या खिडकीशी सोडलं. चला, दुपारची गाडी मिळेल, असं ते म्हणाले. अक्काने आपला पास उन्हात धरून पाहिला. बारा भोकांतून ऊन आलं. मग तिने पदराची गाठ सोडली, निवडीच्या मजुरीतले स्वतःचे आठ रुपये खिडकीत ठेवले आणि नवा कोरा पास घेतला. नानांना म्हणाली, तुम्ही जा. ते एक दिवस थांबले. सकाळी तिला बागेच्या फाटकाशी सोडलं आणि बाहेर बाकावर बसले. दहा वाजता फाटकातून आत डोकावले, तर ती जवळच्या पहिल्याच पिंजऱ्यासमोर उभी होती. बारा वाजता ती दुसऱ्या पिंजऱ्यासमोर होती. मग ते स्टेशनावर गेले.

दिवाणजींनी ते दोन पास पुन्हा हातात घेतले, पुन्हा भोकं मोजली.

"पण नाना," ते म्हणाले, "बाराच्या बारा ठिकाणं पाहून झाली होती ना?"

नानांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"मी नमुना देखा," ते म्हणाले. "ती ढीग निवडी राहिनी."